रूट बिअर आणि उपळसरी

अनोळखी पदार्थाला नावे ठेवणे सोपे असते; तो आपल्याला का रुचला नाही, हे शोधणे कठीण. अमेरिकेतील 'रूट बिअर' या पेयाने मला हा धडा दिला. नावात बिअर असली, तरी सुपरमार्केटमध्ये मिळणाऱ्या या शीतपेयात मद्य नसते, हे आधीच सांगितलेले बरे!

फिलाडेल्फियाचे औषधविक्रेते चार्ल्स हायर्स यांनी १८७६ च्या तेथील शताब्दी प्रदर्शनात हे पेय लोकांपुढे मांडले. ससाफ्रास वृक्षाच्या मुळांची साल हा रूट बिअरचा जुना प्राण. त्या सालीतील सॅफ्रोल हे द्रव्य प्रयोगातील उंदरांना अपायकारक ठरल्यावर १९६० मध्ये अमेरिकेने ते खाद्यपेयांत वर्ज्य केले. तेव्हापासून नावात मूळ राहिले. स्वाद बहुधा कारखान्यातला.

हैदराबादहून न्यू जर्सीला मुलाकडे गेलो असता नातवाने दुकानाच्या स्वतःच्या छापाची, सर्वांत स्वस्त बाटली माझ्यापुढे ठेवली. रंग गडद तपकिरी, वर दाट फेस. येथवर पैकीच्या पैकी गुण! पण पेला नाकाशी नेला मात्र, मुरगळलेल्या पायाला चोळावयाच्या मलमाचा वास आला. हा वास विंटरग्रीनचा. त्याच्या तेलातील मिथाइल सॅलिसिलेट आपल्याकडे वेदनाशामक मलमांतून घरोघर पोचले. तिकडे ते गोळ्यांत आणि च्युइंगगममध्येही असते. गंध एकच, माझ्या नाकाने तो दुखण्याशी जोडला होता, नातवाच्या नाकाने वाढदिवसाशी.

नातू उत्सुकतेने माझ्या मुद्रेकडे पाहत होता. "औषध आहे झालं," असे म्हटले असते, तर त्या बालकाच्या आनंदालाच मी आजार ठरविले असते. म्हणून दुसरा घोट सावकाश घेतला. आता मलम मागे सरले आणि व्हॅनिलासारखा एक ओळखीचा गंध पुढे आला. अरे, ही तर आपल्या उपळसरीची दूरची बहीण! उपळसरी म्हणजे अनंतमूळ. आमचे तेलुगू शेजारी तिला सुगंधिपाल म्हणतात. तिच्या मुळांच्या गंधद्रव्याचे व्हॅनिलिनशी रासायनिक नाते आहे. वैशाखात आई ही मुळे ठेचून पाण्यात उकळी, साखरेचा पाक करी आणि लिंबू पिळून सरबत देई.

निकाल सांगितला: फेसाला पूर्ण गुण, गंधाला निम्मे, गोडीला मात्र नापास, कारण अशा पेयाच्या ३५५ मिलिलिटरच्या डब्यात सहसा चाळीस ग्रॅमांच्या आसपास साखर असते. नातवाने तो मान्य केला आणि विचारले, "आजोबा, तुमची ती मुळांची बिअर मला कधी देणार?"

या प्रश्नापुढे परीक्षकच निरुत्तर झाला. कारण आमच्या घरीही ते सरबत आईबरोबरच थांबले होते. लहानपणी नाकाला जे आपलेसे होते, तेच पुढे आयुष्यभर घरचे वाटते. नातवंडांना आपल्या चवी परक्या वाटतात, अशी खंत आपण करतो; पण तो पेला त्यांच्या हाती वेळेवर द्यावयाचा कोणी? परतल्यावर पहिल्यांदा काष्ठौषधींच्या दुकानात गेलो आणि उपळसरीची एक जुडी घेतली.