बाबांची दाढी

उजवा हात लुळा पडल्यावर बाबांची दाढी माझ्याकडे आली. पहिल्या दिवशी मी खालून वर रेझर ओढला. संध्याकाळी गळाभर लाल पुरळ. दुसऱ्या दिवशी ते "राहू दे" एवढंच म्हणाले. ते फार लागलं.

गल्लीतल्या न्हाव्याला विचारलं. "सावकाश माडरी," तो म्हणाला. (हा शब्द आपल्या दोन्ही भाषांत तोच!) आधी गरम पाण्याचा टॉवेल, मग ब्रशने दोन-तीन मिनिटं फेस. ब्लेड नवं, रेझर तिरका, जोर अजिबात नाही आणि केसांच्या कलानेच. बाबांच्या गळ्यावर ते आडवे वाढतात, हे बोट फिरवल्यावर कळलं. पुन्हा हात फिरवायचा तर फेसही पुन्हा. शेवटी गार पाणी. तुरटी मात्र बाबा डाव्या हाताने स्वतःच लावतात.

आता सकाळी तेच हाक मारतात, "पाणी तापलं का रे?"