गाडी का सुरू होत नाही?

मुलांनो, हकीम किंवा डॉक्टर आधी नाडी पाहतात आणि मग औषध देतात. हे तुम्हांला ठाऊकच आहे. पण मोटारीलाही नाडी असते, हे तुम्हांला ठाऊक आहे का? मला ते एका उस्तादांनी शिकवले.

मुंबईत आमच्या चाळीत एक टॅक्सीवाले चाचा राहत. त्यांची काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी गाडी बरीच जुनी होती. त्यांनी ती दुसऱ्याकडून विकत घेतली होती. १९९४ च्या जून महिन्यात रात्रभर पाऊस पडला आणि सकाळी गाडी सुरूच होईना. एक मेकॅनिक म्हणाला, "कार्बुरेटर गेला. नवा बसवावा लागेल." चाचांजवळ पैसे होते, पण ते मुलीच्या अकरावीच्या प्रवेशासाठी ठेवलेले होते. गाडी दुरुस्त करावी, तर प्रवेश राहतो. न करावी, तर रोजची कमाई बुडते. चाचा चिंतेत पडले.

शेवटी त्यांनी गल्लीतल्या म्हाताऱ्या उस्तादांना बोलावले. मीही बघायला गेलो. उस्तादांनी लगेच पाना हातात घेतला नाही. ते म्हणाले, "चाचा, आधी दिवे लावा. मग सेल्फ मारा."

दिवे लख्ख लागले. सेल्फ मारताच इंजिन भराभर फिरले, पण सुरू झाले नाही. उस्ताद माझ्याकडे वळून म्हणाले, "बेटा, सेल्फ मारताना दिवे अगदी मंद झाले असते, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या वायरी सैल आहेत, असे समजलो असतो. इथे इंजिन जोरात फिरते आहे. म्हणजे बॅटरी आणि सेल्फ दोन्ही ठीक आहेत."

इंजिन पेटायला तीन गोष्टी लागतात : पेट्रोल, हवा आणि योग्य वेळी पडणारी ठिणगी. उस्तादांनी एक प्लग काढून पाहिला. तो ओला होता आणि त्याला पेट्रोलचा वास येत होता. "पेट्रोल आतपर्यंत पोहोचते आहे. मग कार्बुरेटर कशाला बदलायचा?" ते म्हणाले. त्यांनी प्लग पुसून वायरीला जोडला, तो इंजिनाच्या लोखंडाला टेकवला आणि सेल्फ मारायला सांगितले. ठिणगी पडलीच नाही!

आता चोर सापडल्यासारखा झाला. प्रत्येक प्लगला पाळीपाळीने वीज पोहोचवणारा भाग म्हणजे डिस्ट्रिब्युटर. उस्तादांनी त्याचे झाकण उघडले. आत पावसाची ओल जमली होती आणि पॉइंट काळे पडले होते. त्यांनी झाकण कोरड्या फडक्याने पुसले, पॉइंट पॉलिश पेपरने घासले आणि त्यांच्यामधले अंतर नीट केले. पुन्हा पाहिले, तर निळसर ठिणगी! प्लग कोरडे करून बसवले आणि गाडी सुरू झाली. चाचांचे डोळे भरून आले. त्याच आठवड्यात मुलीचा प्रवेश झाला.

मुलांनो, हे प्रयोग तुम्ही एकट्याने करू नका. पेट्रोल आणि ठिणगी यांचा खेळ धोक्याचा असतो. शिवाय आता काळही बदलला आहे. नव्या गाड्यांत कार्बुरेटर नसतो. पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. पण उस्तादांची रीत जुनी झालेली नाही. काय ठीक आहे ते आधी पाहायचे, ते बाजूला ठेवायचे आणि उरलेल्यात दोष शोधायचा.

तुमचे गणित चुकले, तर सारे पान फाडू नका. एकेक पायरी तपासा. चूक बहुधा एकाच पायरीवर दडलेली असते.