साडेचार फुटांची रेघ

मनोरंजन पार्कच्या तिकीटखिडकीशेजारच्या खांबावर साडेचार फुटांवर लाल रेघ होती. डोकं रेघेखाली राहिलं तर लहान मुलाचं तिकीट, वर गेलं तर मोठ्या माणसाचं. माझी लेक खांबाला पाठ लावून उभी राहिली आणि तिच्या जीनची किनार हळूच फरशीला टेकली. तिनं गुडघे वाकवले होते. अकरा वर्षांची पोर. तिला असं करायला कुणीही सांगितलं नव्हतं.

आदल्या रात्री आम्ही दोघं स्वयंपाकघरात हिशेब करत होतो, तो तिनं ऐकला असणार. कल्याणच्या आमच्या दोन खोल्यांत हळू बोललेलंही ऐकू जातं. मोठ्यांना १,४००, लहानांना १,१००, वर १८ टक्के जीएसटी. ती लहानांत बसली तर ३५४ रुपये वाचणार होते.

"नीट उभी राहा गं," मी म्हटलं. ती उभी राहिली, रेघेच्या बोटभर वर. ६,२५४ रुपये भरून आम्ही चौघं आत गेलो.

मला बाबांनी १९९५ साली गोराईच्या एस्सेल वर्ल्डला नेलं होतं. ते १९८९ साली सुरू झालं, तेव्हापासून मुंबईतल्या प्रत्येक पोराला तिथे जायचं असायचं. बाबांनाही ते स्वस्त पडलं नसणार; वर्षभर थांबूनच आम्ही गेलो. पण आत गेल्यावर राजाचं पोर असो की शिपायाचं, रांग एकच. २०२२मध्ये ते बंद झालं तेव्हा मला घरातलं कुणी गेल्यासारखं वाटलं.

मी पतपेढीत कॅशियर आहे, तेव्हा खर्चाची बाजू मला कळते. एवढाली यंत्रं, त्यांची रोजची तपासणी, वीज, पावसाळ्यात ओस पडलेले दिवस. कर तर पूर्वी आणखी होता: २०१७मध्ये २८ टक्के, तो जानेवारी २०१८मध्ये १८वर आला. तरी एक गोष्ट मला पटत नाही. तेच तिकीट मंगळवारी स्वस्त असतं आणि रविवारी महाग. आमच्यासारख्यांना मंगळवारी रजा कुठून मिळणार? मुलांची शाळा, ह्यांची पाळी, माझी पतपेढी, सगळं जुळतं ते रविवारी किंवा मे महिन्यात. नेमके तेच दिवस महाग.

आणि आता रांगा दोन असतात. माणशी ८०० रुपये जास्त भरले की दुसऱ्या, मोकळ्या रांगेतून थेट पाळण्यात. आम्ही सव्वा तास उन्हात उभे होतो. शेजारून एक कुटुंब आलं, बसलं, उतरलं आणि पुन्हा आलं. धाकटा म्हणाला, "आई, ही मुलं आपल्या मागून आली ना?" मी हो म्हटलं. त्यापुढे काय सांगायचं ते मला सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही.

पाळणा मात्र सुरेख होता. वरून खाली येताना लेक इतकी मोठ्यानं हसली की मी सगळं विसरले.

बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, म्हणून मी पहाटे तळलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या दिरांच्या गाडीतच राहिल्या होत्या. आत चौघांच्या साध्या जेवणाचे १,९०० होत होते. लेकीनं फलक वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाली, "मला भूक नाही." मी आग्रह केला. तिनं धाकट्याच्या ताटातला घासभर भात घेतला.

लॉकर, पोहण्याचे भाड्याचे कपडे, पार्किंग, पेट्रोल, टोल धरून दिवसाचे साडेदहा हजार झाले. माझ्या पगाराच्या पाव हिश्शाहून जास्त. पैसे आम्ही साठवले होते, त्याचं दुःख नाही. पण जत्रेत आलेल्या मुलानं किंमत वाचून भूक मारावी, हे मला सहन होत नाही.

अंधार पडल्यावर आम्ही गाडीशी आलो. हे गाडी सुरू करायच्या आतच मागच्या सीटवर डब्याचं झाकण वाजलं. लेकीनं आठ पुऱ्या खाल्ल्या, लोणच्यासकट.