पैसे कुणाचे घ्यायचे

क्राउडफंडिंगची बाजू मी आजवर हिरिरीने मांडत आले. जव्हार तालुक्यातल्या जामसर आणि आसपासच्या पाड्यांवरच्या बचत गटांचे हिशेब मी पाहते. इथल्या काही तरुणांनी वरई सडण्याचं छोटं, सौरऊर्जेवर चालणारं यंत्र करायला घेतलं, तेव्हा भांडवलासाठी इंटरनेटवर जाहीर आवाहन करा, हा आग्रह माझाच होता. आता तो मी सोडला आहे. का, ते सांगायला हवं.

नागली थेट दळता येते. वरईचं तसं नाही. तिचं टरफल कठीण. ते काढायला बायका उखळात कांडतात, पाखडतात, पुन्हा कांडतात. यंत्राची गरज खरी आहे, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. अडचण पैशाची. बँक तारण मागते. मोठ्या गुंतवणूकदाराला काही वर्षांत कैक पटींनी वाढणारी कंपनी हवी असते, आणि वरईचं यंत्र तसं वाढणार नाही. मग हजारो माणसांनी थोडे थोडे पैसे दिले तर काय बिघडलं?

माझ्या डोळ्यांपुढे पैसा फंड होता. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करून देशी उद्योग उभारण्याची कल्पना मांडली, लोकमान्य टिळकांनी तिला बळ दिलं, आणि १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना सुरू झाला. ईश्वरदास वार्ष्णेय परदेशात काचेचं तंत्र शिकून आले होते. कारखाना त्यांनी उभा केला. त्या काळाचा हा तंत्रज्ञानाचा स्टार्टअपच म्हणायचा. तेव्हा जमलं ते आता मोबाइलवरून सहज जमेल, असं मी सगळ्यांना सांगत असे.

आवाहनाचा मजकूर लिहायला बसलो, तिथून माझं मन बदलू लागलं. जाणकारांचा सल्ला एकच: यंत्राचं कमी सांगा, गरिबीचं जास्त. डोक्यावर हंडे घेतलेल्या बायका दाखवा, एखादं हडकुळं मूल दाखवा. १९९२-९३ मध्ये वावर-वांगणीत बालकं दगावली, तेव्हापासून बाहेरच्या जगाला जव्हार त्याच चित्रातून माहीत आहे. ते दुःख खरं होतं. पण त्या चित्राकडे पाहून जो पैसे देईल, तो यंत्राला देणार नाही. यंत्र वरई नीट सोलतं की दाणा फोडतं, कणी किती पडते, पावसाळ्यात ढगाळ दिवशी चालतं का, यातलं काहीच तो विचारणार नाही. त्याला विचारायची गरजही नाही, कारण त्याच्या घरी वरई सडायची नाही.

२०१२ मध्ये पेबल या घड्याळासाठी किकस्टार्टर या क्राउडफंडिंगच्या संकेतस्थळावर सुमारे ६९ हजार लोकांनी एक कोटी डॉलरहून जास्त रक्कम दिली. हा आकडा मी पूर्वी पैशाची ताकद म्हणून सांगायचे. आता मला त्यात दुसरंच दिसतं: त्यातल्या बहुतेकांना ते घड्याळ स्वतःच्या मनगटावर हवं होतं. १९७६ च्या ‘मंथन’ चित्रपटाला गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये दिले, आणि तेच शेतकरी तो पाहायलाही लोटले. पैसे देणारा आणि वस्तू वापरणारा एकच असेल तर गर्दीचा पैसा म्हणजे खरी परीक्षा. दोघे वेगळे असले की ती नुसती सहानुभूती, आणि तिच्यावर कारखाना चालवायचा म्हणजे दरवर्षी नवं दुःख दाखवत राहायचं.

लोकांना कंपनीचे भाग द्यावेत, हाही विचार केला. खासगी कंपनीला एका आर्थिक वर्षात २०० पेक्षा जास्त जणांना भाग देऊ करता येत नाहीत, आणि त्याची जाहिरातही करता येत नाही. सेबीने २०१४ मध्ये क्राउडफंडिंगवर चर्चापत्र काढलं होतं, पण सामान्य माणसाला इंटरनेटवरून असे भाग विकण्याची वाट त्यातून खुली झाली नाही. तो विषय तिथेच संपला.

म्हणून आता मी म्हणते, पैसे वरई पिकवणाऱ्या गटांकडूनच घ्या. थोडे असतील, तरी तेच घ्या. यंत्राची आगाऊ नोंदणी करा आणि पावती द्या. कंपनीने मालापोटी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांत मालाच्या पुरवठ्यात वळती झाली नाही, तर कायदा तिला ठेव मानतो आणि ठेवींचे कडक नियम लागू होतात. मला हा धाक आवडतो. आमच्या पाड्यांवर दिवाळीनंतर वीटभट्टीची उचल घेऊन माणसं घरदार सोडून जातात. उचल घेणारा बांधला जातो, हे इथे लहान मुलालाही ठाऊक आहे. या व्यवहारात बांधली जाणार ती यंत्र करणारी मुलं. गटातल्या बायकांनी पैसे मोजल्यावर त्या दर आठवड्याला विचारायला येतील, आणि यंत्र त्यांच्याच प्रश्नांमुळे सुधारेल. गट हे मान्य करतील का, याची मला धाकधूक होती. पहिल्याच बैठकीत एकीने विचारलं, “बिघडलं तर दुरुस्त कोण करणार?” असा प्रश्न शहरातल्या एकाही हितचिंतकाने विचारला नव्हता.

त्या प्रश्नामुळे पैसा फंडाकडे मी पुन्हा वळले. लोकांनी दिलेला पैसा कुणाला परत मिळाला नाही. पण तळेगावात माणसं काचकाम शिकली आणि ते कसब घेऊन ठिकठिकाणच्या कारखान्यांत गेली. देणगीचं चीज तिथे झालं. मुंबई-पुण्याचे स्नेही अजून फोन करतात, थोडे पैसे पाठवू का म्हणून. त्यांना मी सांगते, यंत्रासाठी नकोत. जामसरच्या दोन मुलींना मोटर आणि सौरपंपाची दुरुस्ती शिकायची आहे. त्यांची फी, राहणं आणि एसटीचं भाडं, एवढं द्या.