बातलच्या वाटेवर रुसलेला ॲक्सल

मनालीहून काझाला जायचे तर ग्राम्फूपाशी मुख्य रस्ता सुटतो आणि मग रस्ता नावाचे जे काही उरते, त्याला दगडगोट्यांचा ओढा म्हणावे. डाव्या-उजव्या बाजूंनी उघडे डोंगर, सोबतीला करडी चंद्रा नदी. दुपार झाली की वरचा बर्फ वितळून नाले फुगतात, म्हणून इथले चालक पहाटेच निघतात. आम्ही मात्र छत्रूला पराठे खात रेंगाळलो. त्याची किंमत पुढे मोजली.

बातलच्या अलीकडे दोन नाले पार करताना जीपची मागची चाके तुंबाभर पाण्यात गेली. नंतर मागच्या उजव्या चाकातून जात्यासारखी घरघर येऊ लागली. बातलला थांबून चालकाने चाक हलवून पाहिले. "साहेब, बेअरिंग गेले. तेलही गळतेय. अशी गाडी कुंझुमला नेणार नाही."

बातल सुमारे ३,९५० मीटरवर आहे. आमच्या नऊ वर्षांच्या मुलाचे डोके सकाळपासून ठणकत होते, आता त्याला उलट्याही सुरू झाल्या. अशा वेळी औषधापेक्षा खाली उतरणे महत्त्वाचे. मनालीकडे परतणाऱ्या एका टेंपोत जागा होती, पण दोघांपुरतीच. "अहो, तुम्ही गाडीचं बघा, मी याला घेऊन छत्रूला उतरते," असे म्हणून सौ. बसलीसुद्धा. टेंपो वळणाआड गेला आणि माझ्या पोटात खड्डा पडला. मोबाइल तर केव्हाचाच मुका झालेला!

चालकाकडे बेअरिंग बसवून तयार ठेवलेला जुना ॲक्सल होता. या वाटेवरचे शहाणे चालक तो बाळगतात, कारण बेअरिंग दाबून बसवायला कारखान्यातले यंत्र लागते. त्याने पुढच्या चाकांना दगड लावले. जॅकने मागची उजवी बाजू उंच उचलली, म्हणजे आतले तेल दुसऱ्या बाजूला राहते. जॅकवर विश्वास नको म्हणून धुरीखाली दगडांची थप्पी रचली. चाक निघाले, ब्रेकचा ड्रम निघाला, चार नटही सुटले. ॲक्सल मात्र जागचा हलेना. वर्षानुवर्षांच्या पाणी-चिखलाने बेअरिंग आतल्या आत गंजून चिकटले होते.

मी उत्साहाने हातोडा उचलला. त्याने माझा हात धरला. "याच्या तबकडीवर मारलेत तर ती वाकेल. मग चाक डुलत राहील." गाडी त्याची स्वतःची, कर्जावर घेतलेली. खिंड उघडी असते ते चार-पाच महिनेच, त्यात एकेक दिवस मोलाचा. माझी घाई मलाच बोचली.

त्याने सांध्यात डिझेल सोडले. ढाब्यावरच्या किटलीतले उकळते पाणी बाहेरच्या नळीवर गुंडाळलेल्या फडक्यांवर ओतत राहिला. बाहेरचे लोखंड थोडे फुगले की आतली पकड ढिली होते, एवढेच त्यामागचे गणित. मग खरी गंमत! काढलेला ब्रेकचा ड्रम त्याने उलटा करून चाकाच्या बोल्टांवर अडकवला आणि नट अगदी टोकाशी, सैल लावले. दोन्ही हातांनी ड्रम आत ढकलायचा आणि झटक्याने बाहेर ओढायचा. ड्रम नटांवर आदळतो आणि धक्का सरळ बाहेरच्या दिशेने बसतो. ठक्... ठक्... माझे हात गारठून बधिर झाले, तसे ढाबेवाल्याचा पोरगा पुढे आला. तिघांनी आळीपाळीने ओढले. कितव्या झटक्याला, ते मोजायचे भान नव्हते, पण गंजाचा लाल चुरा सांडत ॲक्सल सुळ्ळकन हातात आला!

नवा बसवून होईस्तोवर अंधार पडला. रात्री नाले ओलांडायला चालकाने साफ नकार दिला. ढाब्याच्या रजईत मी टक्क जागा.

पहाटे नाले उतरले होते. छत्रूला पोहोचलो तेव्हा चिरंजीव तंबूबाहेर उन्हात बसून मीठ लावलेला बटाटा खात होते. मला पाहून पहिला प्रश्न, "बाबा, तो जुना ॲक्सल आणलात का?"