अँटवर्पच्या हिरेबाजारातील शब्दांचे सांधे

बेल्जियममधील अँटवर्प येथे मध्यवर्ती रेल्वे स्थानकालगतच हिरेबाजार वसला आहे. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात भारतातून आलेल्या जैन व्यापाऱ्यांनी तेथे पेढ्या उभारल्या. पुढे विल्रैक या उपनगरात संगमरवरी जिनालयही उभे राहिले. नगराची भाषा मात्र डच. तिच्यात दोन-तीन नामे जोडून एकच अखंड शब्द लिहिण्याची रीत आहे.

बाजारातील प्रसिद्ध गल्लीचे नाव ‘होव्हनीर्सस्त्रात’. ‘होव्हनीर्स’ म्हणजे माळी आणि ‘स्त्रात’ म्हणजे रस्ता, असा विग्रह केला की ते लांबलचक नाव सुलभ होते. अक्षरे पाडताना डच भाषा पदांचा सांधा सहसा मोडत नाही. हिऱ्यांच्या व्यापाराला ‘दियामान्तहान्दल’ म्हणतात. त्यातील ‘त’ आणि ‘ह’ यांचा आपल्या जिभेवर सहज ‘थ’ होतो. परंतु शुद्ध उच्चार ‘दियामान्त-हान्दल’ असाच, आणि मुख्य आघात पहिल्या पदावर.

सांधा चुकला तर अर्थही पालटतो. ‘क्वार्तस्लाखन’ हा शब्द ‘क्वार्त-स्लाखन’ असा फोडल्यास ‘पाव वळसे’, तर ‘क्वार्त्स-लाखन’ असा फोडल्यास ‘गारेचे थर’ असा अर्थ निघतो. लिपी तीच, वस्तू निराळी.

या बाजारात ‘मझल’ हा हिब्रू शब्द उच्चारून हस्तांदोलन झाले की सौदा पक्का मानण्याची परंपरा आहे. जेथे बोललेल्या शब्दालाच कराराचे मोल, तेथे परभाषेतील शब्दही जपून, जाणून उच्चारणे ही व्यापाऱ्याची भाषासमितीच होय.