कुत्र्याचे निमित्त

मीरा रोडला भाड्याने घर शोधताना आम्ही एजंटला आधीच सांगायचो, सोबत रॉटवायलर आहे. केंद्राने १२ मार्च २०२४ च्या पत्रात बंदी सुचवलेल्या २३ जातींपैकी ही एक. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्र १० एप्रिलला रद्द केले; सोसायट्यांच्या मनातून ते गेले नाही.

शेजाऱ्यांची भीती आम्ही खोटी मानत नाही. म्हणून लसीकरणाचा दाखला, पट्टा, मुसके, सगळे कबूल केले. भाईंदरचे एक मालक तयारही झाले. मग त्यांनी आडनाव विचारले. संध्याकाळी एजंटचा फोन आला, "कुत्र्यामुळे जमणार नाही." त्याच इमारतीत आम्ही दोन मोठी कुत्री पाहिली होती.

कुत्र्याला मुसके घालता येते, आडनावाला काय घालायचे? १९१७ साली बडोद्यात बाबासाहेब पारशी नावाने राहिले, तरी काठ्या घेऊन आलेल्यांनी त्यांना घर सोडायला लावले. आज काठीऐवजी निमित्त असते. संविधानाचे कलम १५ दुकान, हॉटेल, पाणवठा सर्वांना खुले करते. भाड्याच्या खाजगी घराचा त्यात उल्लेख नाही. ही पोकळी कायद्याने भरलीच पाहिजे. तोवर नकार द्यायचा तर खरे कारण लेखी द्या. आमच्या कुत्र्याच्या आड लपू नका.

जय भीम!